सायकलचा छोटा पंप दर पावसाळ्यानंतर हवा मारेनासा होतो, त्यावर उपाय

तक्रार अशी असते: पंप नवा घेतला तेव्हा झकास चालत होता. वर्षभरानंतर ३० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) कशीबशी हवा जाते, पुढे दांडा नुसता आत-बाहेर होतो आणि टायर अंगठ्यानं दाबला की मऊच लागतो. पंपातली ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी गोल रबरी रिंग, बदलली की दोन-तीन महिने बरं, मग परत तेच. माझ्या पंपाचं हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा मात्र मी ठरवलं की नवी रिंग घालण्याआधी जुनी का गेली ते शोधायचं. त्यानंतर दोन पावसाळे गेले, तीच रिंग अजून आत आहे. काय सापडलं ते सगळं इथे लिहितो.

पहिल्यांदा हे कळलं ते वडकीच्या पुढे, दिवे घाटाच्या पायथ्याशी. ऑक्टोबर महिना, सकाळचे सात. मागच्या चाकात बाभळीचा काटा, टायरमधून सरळ आत. काटा काढला, नवी ट्यूब घातली आणि पंप मारायला लागलो. शंभर झाले, दीडशे झाले. ट्यूबनं आकार धरला, पण वर बसलं की रिम जवळजवळ रस्त्याला टेकत होती. शेवटी सायकल ढकलत वडकीत परत आलो आणि पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरवर हवा भरून घेतली. पंप दोन वर्षांचा, दिसायला नव्यासारखा. घेतला त्या आठवड्यात एकदा मारून बघितला होता, तेवढंच. घरी हवा भरायची मोठ्या उभ्या पंपानं आणि छोटा पंप फ्रेमला अडकवून गावभर फिरवायचा, असं चाललं होतं. बहुतेकांचं असंच चालतं, म्हणून पंप गेल्याचं कळतं ते थेट रस्त्यावर.

(माझ्या चाकाला मोटरसायकलसारखा जाड, श्रेडर वॉल्व्ह आहे म्हणून दुकानात काम झालं. तुमचा वॉल्व्ह बारीक प्रेस्टा असेल तर त्यावर चढवायचा छोटा पितळी अडॅप्टर पंक्चरच्या किटमध्ये टाकून ठेवा. तो नसेल तर हायवेवरच्या कुठल्याही कॉम्प्रेसरचा तुम्हाला उपयोग नाही.)

आधी पंप खरंच बिघडलाय का ते बघा

माझ्याकडे लोक पंप घेऊन येतात. त्यातल्या बऱ्याच पंपांना काहीही झालेलं नसतं. दोन गोष्टी चुकत असतात: मोजणी आणि चाल.

मोजणी अशी. ३२ मिलिमीटर रुंदीच्या टायरमधल्या ट्यूबमध्ये साधारण १.६ लिटर जागा असते. माझ्या पंपाच्या नळीचा आतला व्यास २० मिलिमीटर आणि दांड्याची चाल १५ सेंटिमीटर, म्हणजे एका पंपात ४७ मिलिलिटरच्या आसपास हवा. ६० पीएसआय करायचे तर ट्यूबमधल्या जागेच्या चौपट हवा बाहेरून आत घालावी लागते. भागाकार केला तर १४० पंप होतात, तेही कणभर हवा वाया गेली नाही तर. प्रत्यक्षात पावणेदोनशे ते दोनशे धरून चाला. तेव्हा साठ-सत्तर पंप मारून टायर मऊ लागला, तर तो मऊच लागणार. पंपाला दोष देऊ नका.

चालीचं प्रकरण जास्त महत्त्वाचं आहे आणि ते कुणी सांगत नाही. ट्यूबमध्ये ६० पीएसआय हवा आधीच असेल, तर पंपातली हवा दाबून दाबून पाचव्या हिश्शात येईपर्यंत तिला आत जायला वाटच मिळत नाही. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या चालीतले पहिले १२ सेंटिमीटर नुसती हवा दाबण्यात जातात आणि खरं काम होतं ते शेवटच्या ३ सेंटिमीटरमध्ये. आणि नेमके तेच ३ सेंटिमीटर आपण सोडतो, कारण तिथे सगळ्यात जास्त जोर लागतो आणि हात भरून आलेले असतात. जो माणूस दर वेळी ३ सेंटिमीटर आधी थांबतो, त्यानं हजार पंप मारले तरी त्याचा टायर साधारण ६० च्या पुढे जाणार नाही. हवा पंपातल्या पंपात दबते आणि सुटते, दांडा स्प्रिंगसारखा परत येतो. हाताला वाटतं भरपूर काम चाललंय.

म्हणून सुरुवातीला भराभर मारा, काही हरकत नाही. दांडा जड लागायला लागला की मात्र वेग कमी करा आणि प्रत्येक वेळी मूठ नळीवर टेकेपर्यंत दाबा. 'टक्' असा आवाज आला पाहिजे. बसून, पंपाचं मागचं टोक गुडघ्याला किंवा पोटाला टेकवून दाबलं की शेवटचे तीन सेंटिमीटर सोपे जातात.

जोर किती लागतो तेही याच हिशेबातून कळतं. २० मिलिमीटरच्या नळीत ६० पीएसआयला शेवटी साधारण १३ किलोचा जोर लागतो, ९० ला १९-२० किलोचा. नळी २८ मिलिमीटरची असेल तर हेच आकडे २६ आणि ३९ किलो होतात. जाड नळीचा पंप एमटीबीच्या, म्हणजे डोंगरात चालवायच्या सायकलच्या, जाड, कमी हवेच्या टायरसाठी असतो. तो रोड बाइकवर वापरून 'सत्तरच्या पुढे जातच नाही' म्हणणाऱ्यांचा पंप शाबूत असतो, फक्त चुकीच्या सायकलला लागलेला असतो.

आता वॉल्व्ह. प्रेस्टा असेल तर टोकाची चिमुकली नट पूर्ण सैल करा आणि पंप लावण्याआधी ते टोक एकदा बोटानं दाबून 'फुस्' होऊ द्या. ट्यूब बरेच दिवस तशीच असेल तर आतलं रबरी सील जागेवर चिकटून बसतं. मग पंपाच्या काट्यावर पाच-सहा पंपांतच ८०-९० दिसतं आणि टायर मात्र रिकामा. काटा टायरमधला दाब दाखवत नसतो, नळीत अडकलेल्या हवेचा दाखवत असतो. श्रेडरच्या बाबतीत हेच होतं ते पंपाच्या तोंडातली पिन वॉल्व्हच्या पिनेपर्यंत न पोचल्यामुळे.

जुन्या साध्या सायकलींच्या वॉलट्यूबच्या वॉल्व्हला मुळातच जास्त जोर लागतो, कारण दर पंपाला वॉलट्यूब, म्हणजे वॉल्व्हवर चढवलेला बारीक रबरी नळीचा तुकडा, ताणून हवेला आत शिरावं लागतं. तिथे काटा बघून हवा भरू नका. टायर दाबून अंदाज घ्या. आणि वॉलट्यूबचा रबर तडकला असेल तर आधी तो बदला, पंप नंतर बघा.

अंगठ्याची परीक्षा

एवढं करूनही हवा जात नसेल तर पंप सायकलवरून काढा. दांडा पूर्ण बाहेर ओढा, पंपाच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबून धरा आणि दांडा आत ढकला. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि बिघाड कुठे आहे ते जवळजवळ नेमकं सांगते.

दांडा काही अडथळा न होता सरळ आत गेला तर आतल्या दट्ट्यावरची रिंग गेलीय. दांडा अडला, पण धरून ठेवल्यावर हळूहळू आत सरकत राहिला आणि मुठीच्या बाजूनं बारीक सूंऽऽ ऐकू आलं, तर रिंग झिजलीय किंवा कोरडी पडलीय. दांडा अडला आणि सोडल्यावर उसळून परत आला, तर दट्ट्या ठणठणीत आहे. मग गळती तोंडाच्या रबरात आहे. आणि दांडा आत ढकलताना हलका पण बाहेर ओढताना जड, चिकटल्यासारखा लागला, तर रिंग फुगलीय. हे शेवटचं लक्षण नीट लक्षात ठेवा, माझा पहिला घोळ तोच होता.

तोंडाचा रबर

पंपाच्या तोंडात एक जाड रबरी बूच असतं, मधे भोक पाडलेलं. खटका उचलला की ते बूच दाबलं जातं आणि वॉल्व्हला आवळतं. वर्षभरात त्याच्या आतल्या कडेवर वॉल्व्हच्या आट्यांचे वळ उठतात आणि तिथून हवा निसटते. तोंडाचं टोपण फिरवून काढा, बूच बाहेर घ्या, उजेडात बघा. दोन्ही बाजू सारख्या असतील तर उलटं करून बसवा, अजून वर्षभर चालतं. दोन्ही बाजू वेगळ्या असतील, एका बाजूचं भोक मोठं आणि दुसऱ्या बाजूचं लहान, तर ते एकाच तोंडात दोन्ही वॉल्व्ह चालावेत म्हणून तसं केलेलं असतं. त्याच्या मागे एक प्लॅस्टिकचा तुकडा असतो, त्यालाही दिशा असते. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रबर एका वॉल्व्हसाठी आणि प्लॅस्टिक दुसऱ्यासाठी असं बसलं की पंप कधीच नीट धरत नाही.

पंप लावताना वॉल्व्ह आत ढकलला जातो आणि तोंडात पुरेसा शिरतच नाही, हेही खूपदा होतं. वॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं टायर अंगठ्यानं खाली दाबून धरा आणि मग तोंड बसवा.

नळीविना, तोंड थेट वॉल्व्हवर चढवायचा पंप असेल तर एका हाताची बोटं पंपाच्या तोंडाभोवती आणि अंगठा टायरवर, अशी पकड धरा. सगळा धक्का त्या हातात जिरला पाहिजे. तो वॉल्व्हवर गेला तर ट्यूब वॉल्व्हच्या बुडाशी फाटते आणि तिथल्या फाटीला पंक्चरचा पॅच धरत नाही. फिरवून बसवायची रबरी नळी असेल तर उलटा त्रास: काढताना प्रेस्टाचा आतला भाग नळीबरोबरच फिरून बाहेर येतो आणि दोनशे पंपांची मेहनत एका फुस्समध्ये जाते. घरीच तो भाग पकडीनं हलकासा आवळून ठेवा आणि रस्त्यावर नळी बोटांनी बसेल तेवढीच फिरवा.

पंप उघडल्यावर

आता मुख्य भाग. मुठीकडच्या बाजूला नळीवर जी गोल टोपी असते ती हातानं फिरवली की सुटते. सुटली नाही तर तिच्याभोवती जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा आणि पिळा, पकडीनं अॅल्युमिनियमचे आटे जातात. टोपी सुटली की दांडा सावकाश सरळ बाहेर येतो आणि त्याच्या टोकाला दट्ट्या दिसतो.

दट्ट्यावर एक खाच असते आणि खाचेत काळी ओ-रिंग. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं खाच रिंगेपेक्षा रुंद आहे, म्हणजे चुकीची रिंग बसवलीय. तसं नाही. बहुतेक छोट्या पंपांत ती रिंग मुद्दाम सैल असते. दांडा आत ढकलला की रिंग खाचेच्या मागच्या कडेला सरकते आणि वाट बंद करते. दांडा ओढला की ती पुढच्या कडेला सरकते, तिथे दट्ट्यावर छोटे कट असतात, त्यातून नवी हवा पुढे येते. म्हणजे ती रिंग बूचही आहे आणि दारही. तिला सरकता आलंच पाहिजे.

माझ्या पहिल्या रिंगेला सरकता येत नव्हतं. मी ती चिमटीत धरून बघितली तेव्हा ती फुगून गुबगुबीत झाली होती, नखानं दाबली तर नखाचा वळ राहत होता. खाचेत ती गच्च बसली होती. दांडा ओढताना दार उघडतच नव्हतं, म्हणून ओढणं जड आणि पुढच्या पंपात दाबायला हवाच नाही. कारण माझ्या हातून घडलं होतं: काही महिन्यांपूर्वी दांडा करकरतो म्हणून मी आत शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. खनिज तेल काही रबरांना चालतं आणि काहींना फुगवतं. काळ्या रंगावरून रबर कुठलं ते ओळखता येत नाही. म्हणून पंपात मशीनचं तेल, इंजिन ऑइल, व्हॅसलीन, सायकलच्या चेनचं तेल यातलं काहीच घालू नका.

नवी रिंग घातली, पंप चालला. या वेळी तेल टाळलं आणि त्याऐवजी गंजलेले नट-बोल्ट सोडवायचा स्प्रे मारला. दांडा काय सुंदर फिरायला लागला! दोन महिन्यांनी परत करकर, परत सूंऽऽ. त्या स्प्रेमध्ये मुख्यतः द्रावण असतं. ते होतं नव्हतं तेवढं ग्रीस धुऊन काढतं आणि स्वतः उडून जातं. मागे राहते कोरडी नळी आणि कोरडी रिंग. छोट्या पंपात हवा वेगानं दाबली जाते तशी ती तापते, तोंडाकडची बाजू शंभर पंपांत हाताला चटका देण्याइतकी गरम होते. त्या गरम, कोरड्या नळीत रिंग घासली की तिची काय अवस्था होते ते मी दुसऱ्यांदा उघडल्यावर बघितलं: एका बाजूनं चपटी, चकचकीत, जणू कुणी पॉलिश पेपरनं घासलीय.

तिसऱ्यांदा योग्य ग्रीस घातलं, सिलिकॉनचं. तरीही पावसाळा संपता संपता पंप परत बसला. आता उघडलं तेव्हा ग्रीस पांढरं नव्हतं, राखाडी लगद्यासारखं झालं होतं. चिमूटभर बोटांत घेऊन चोळलं तर खरखर लागली. वाळू. पंप मी फ्रेमच्या खालच्या दांडीला, बाटलीच्या स्टँडशेजारी लावत होतो आणि पुढच्या चाकानं उडवलेला सगळा चिखल नेमका तिथेच बसतो. मुठीकडची टोपी हवाबंद नसते, तिच्यातून तर बाहेरची हवा आत यावी लागते. म्हणजे पाणी आणि वाळूही येते. ग्रीसमध्ये वाळू मिसळली की आतल्या आत रेगमाल तयार होतो आणि प्रत्येक पंपाबरोबर रिंग घासली जाते. तीन रिंगा गेल्या आणि तिन्हींची कारणं वेगळी होती. बाहेरून लक्षण मात्र दर वेळी तेच, ३० च्या पुढे हवा नाही.

दुरुस्ती

जुनं ग्रीस पूर्ण काढा. सुती कापडाची पट्टी लाकडी काडीला गुंडाळून नळीत फिरवा, कापड स्वच्छ बाहेर येईपर्यंत. चिकट असेल तर साबणाचं कोमट पाणी, मग धुऊन रात्रभर उभं करून वाळवा. रॉकेल, पेट्रोल, थिनर नको, आतल्या बाकीच्या रबरांना ते बाधतं. मग नळी उजेडाकडे धरून आत बघा. उभे बारीक ओरखडे दिसतील, त्याची काळजी नको. पण तोंडाजवळच्या भागात नखाला अडेल एवढा खोल ओरखडा असेल तर नवी रिंगही तिथून हवा सोडणार. त्या पंपावर आणखी पैसे घालू नका, हे मी स्पष्टच सांगतो.

रिंग घ्यायला जाताना जुनी रिंग आणि पूर्ण पंप, दोन्ही घेऊन जा. जुनी रिंग एक तर फुगलेली असते नाही तर झिजलेली, नुसत्या तिच्या मापानं नवी घेतली तर चूक होते. दुकानदाराला दोन मापं लागतात, आतला व्यास आणि रिंगेची जाडी. नवी रिंग दट्ट्यावर चढवून नळीत घालून बघा. हलका, सारखा अडथळा लागला पाहिजे आणि खाचेत रिंग पुढे-मागे सरकली पाहिजे. पुण्यात असाल तर बोहरी आळीत मिळते, दुसरीकडे हायड्रॉलिकचे सील विकणारं कुठलंही दुकान चालेल. नायट्राइल रबराची मागा. किंमत इतकी कमी असते की तीन-चार घेऊन ठेवा.

सिलिकॉन ग्रीस प्लंबिंगच्या सामानाच्या दुकानात छोट्या डबीत मिळतं, नळाच्या रिंगांना लावतात तेच. वाटाण्याएवढं बोटावर घ्या. अर्धं रिंगेवर सगळीकडून चोळा, अर्धं नळीच्या आत तोंडापासून मुठीपर्यंत पातळ पसरवा. थर दिसता कामा नये, फक्त बोटाला ओशट लागलं पाहिजे. जास्त भरलं तर ते दट्ट्यापुढे गोळा होऊन तोंडाकडच्या बारीक वाटेत जातं आणि नवाच त्रास सुरू होतो. दांडा परत घालताना रिंग नळीच्या आट्यांवरून जाते, तिथे ती चिरते. दांडा किंचित फिरवत, दाब न देता आत न्या. टोपी हाताच्याच जोरानं आवळा.

आता परत अंगठ्याची परीक्षा. दांडा उसळून आला की पंप चाकाला लावा.

चाकाला लावल्यावर दांडा आपोआप वर येत असेल, म्हणजे टायरची हवा तुमच्या हाताला मागे ढकलत असेल, तर पंपाच्या तोंडाकडचा उलटी हवा अडवणारा छोटा वॉल्व्ह उघडा राहिलाय. बहुतेक वेळा तिथे कचरा किंवा ग्रीसचा गोळा अडकलेला असतो. तोंड सोडवून तो भाग साबणाच्या पाण्यात हलवून घ्या, वाळवा, बसवा. इतकंच.

घरचा जुना फूटपंप

बऱ्याच घरांत, विशेषतः गावाकडे, जुना उभा लोखंडी पंप असतो. त्यात ओ-रिंग नसते, चामड्याचा वाटीसारखा वॉशर असतो. दाबताना वाटीच्या कडा पसरून नळीला चिकटतात आणि ओढताना मिटतात. हा पंप बंद पडला की समजायचं चामडं वाळलंय. त्याला तेल चालतं, किंबहुना तेलाशिवाय तो जगत नाही. वॉशर काढून रात्रभर तेलात बुडवून ठेवा, सकाळी कडा बोटानं बाहेरच्या बाजूला पसरवा, वाटीचं तोंड खाली जमिनीकडे ठेवून बसवा. वाटी उलटी बसली तर पंप एक पंपसुद्धा मारणार नाही.

आमच्या घरी या कामाला कायम खोबरेल वापरत. उन्हाळ्यात काही अडचण येत नाही. पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी पंप घट्ट होतो, हवा धरत नाही. डब्यात तेल गोठतं तसंच ते चामड्यातही गोठलेलं असतं. पंप तासभर उन्हात ठेवला की चालू होतो. हा त्रास नको असेल तर इथे मात्र शिलाई मशीनचं तेल घाला. जे तेल रबरी रिंगेचा घात करतं तेच चामड्याला मानवतं, म्हणून आधी आत काय आहे ते बघा आणि मग तेलाची बाटली उचला.

पंप ठेवायचा कुठे

माझा पंप आता फ्रेमवर नसतो. जुन्या मोज्यात घालून सीटमागच्या पिशवीत ठेवतो, तोंड खाली, मूठ पूर्ण आत. पिशवीत मावत नसेल आणि फ्रेमलाच लावायचा असेल तर सीटखालच्या उभ्या दांडीला लावा, तिथे पुढच्या चाकाचा मारा कमी असतो. मुठीकडच्या टोपीवर जुन्या ट्यूबचं तीन-चार इंचांचं कापलेलं नळकांडं चढवा. पंप वापरताना ते मागे सारायचं. तोंडावरची रबरी टोपी हरवली असेल तर तिथेही असाच तुकडा चालतो.

पावसात भिजून आलात तर सायकल पुसताना पंपाचा दांडा पूर्ण बाहेर ओढून कोरड्या फडक्यानं पुसा आणि घरात आल्यावर तासभर तसाच उघडा ठेवा. कोकणात किनाऱ्यानं फिरून आलात तर हे त्याच दिवशी करा. खाऱ्या हवेनं अॅल्युमिनियमवर पांढरे फोड येतात, टोपीचे आटे जाम होतात आणि मग ती कशानंही सुटत नाही. तशा ट्रिपनंतर मी पंपाबरोबर प्रेस्टावाल्या मित्रांच्या चाकांच्या नटाही गोड्या पाण्यानं धुऊन घ्यायला सांगतो, त्याही तशाच जाम होतात.

मोठ्या राइडच्या आधी, मग ती २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) असो की पंढरपूरची सायकल वारी, मी पुढच्या चाकाची सगळी हवा सोडतो आणि फक्त छोट्या पंपानं परत भरतो. पंप मोजतो. माझ्या चाकाला ६० पीएसआयसाठी १८० लागतात. आकडा २२० च्या वर गेला की त्याच संध्याकाळी पंप उघडतो, वाट बघत नाही. हा आकडा प्रत्येक पंपाचा आणि प्रत्येक चाकाचा वेगळा असतो. तुमचा तुम्ही एकदा मोजा आणि पंपावरच कायमस्वरूपी मार्करनं लिहून ठेवा. अंगठ्याच्या परीक्षेखेरीज काटा नसलेल्या पंपाची तब्येत सांगणारं दुसरं साधन नाही.

आणि वर्षातून एकदा, काही बिघडलेलं नसलं तरी, पूर्ण उघडून ग्रीस बदलतो. त्यासाठी दिवस ठरलेला आहे: खंडेनवमी. पाऊस ओसरलेला असतो, चिखलाचं जे काही आत जायचं ते गेलेलं असतं आणि पुढचे आठ महिने काट्याकुट्यांच्या रस्त्यांचे असतात. पाने, पकड, टायर काढायचे लिव्हर हे सगळं त्या दिवशी पुसून पाटावर मांडतोच. पंप त्यांच्या शेजारी जातो तो नवं ग्रीस लावून, अंगठ्याच्या परीक्षेत पास होऊन.